वरच्या मजल्यावरची खोली

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या गावी एस. टी. स्टँडच्या भिंतीवर गेरूने मोठी अक्षरं रंगवलेली होती. देवीचा रोगी कळवणाऱ्याला सरकार हजार रुपये देणार होतं. आम्ही मैत्रिणी येता-जाता एकमेकींच्या चेहऱ्यावरच्या मुरुमांकडे बघून त्या हजारांचे बेत करायचो. ते हजार रुपये गावात कुणालाच मिळाले नाहीत, कारण रोगी उरलाच नव्हता. मे १९७५नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. एप्रिल १९७७मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं आंतरराष्ट्रीय आयोगाने मान्य केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सोमालियातल्या मर्का गावी एका रुग्णालयातल्या स्वयंपाक्याला देवी आल्या. त्याचं नाव अली माओ मालीन. तो बरा झाला. निसर्गातून लागण झालेला तो जगातला शेवटचा माणूस.

देवीने मेलेला शेवटचा माणूस मात्र इंग्लंडमधला आहे, आणि त्या बाईंना देवी आल्या त्या विद्यापीठाच्या इमारतीत.

जॅनेट पार्कर बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागात छायाचित्रकार होत्या. वय ४०. ११ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांचं डोकं आणि अंग दुखू लागलं, मग पुरळ उठलं. कांजिण्या असतील, औषधाची रिअॅक्शन असेल, असे अंदाज झाले. देवीचा विचार कुणाच्या मनात येणार? तो रोग जगातून गेलेला होता. २४ ऑगस्टला त्यांना रुग्णालयात दाखल केलं तेव्हा कुठे निदान झालं. ११ सप्टेंबरला त्या गेल्या. त्यांच्या आईला सौम्य देवी आल्या आणि त्या वाचल्या. वडील विलगीकरणात असतानाच हृदय बंद पडून वारले.

पार्करबाईंचा देवीशी कामाचा काहीही संबंध नव्हता. त्या फोटो काढायच्या, डार्करूममध्ये फिल्म धुवायच्या. त्यांची खोली ज्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर होती, तिथे प्रोफेसर हेन्री बेडसन यांचा गट देवीच्या विषाणूवर संशोधन करत होता. पार्करबाईंच्या अंगातला विषाणू त्याच प्रयोगशाळेतल्या एका वाणाचा निघाला. १९७०मध्ये पाकिस्तानातल्या एका लहान मुलाच्या अंगावरून तो घेतलेला होता, आणि त्या मुलाच्या नावावरून प्रयोगशाळेत त्याला ‘आबिद’ म्हणत.

मी पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर काही वर्षं एका विद्यापीठाच्या जैवसुरक्षा समितीवर बाहेरची सदस्य होते. बैठकीत प्रस्तावांची चळत समोर आली की मला हमखास ती वरच्या मजल्यावरची खोली आठवायची. धोकादायक जंतूंवर विद्यापीठात काम करायचं तर त्यावर देखरेख कुणाची आणि ती कशी चालते, हे सांगताना मी तिथूनच सुरुवात करते. कारण बर्मिंगहॅममध्ये देखरेख नव्हती असं नाही. ती चांगली दोन-दोन ठिकाणांहून होती.

त्याआधी पाच वर्षं, १९७३मध्ये, लंडनच्या एका नामांकित संस्थेतल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ मुलीला देवीची लागण झाली होती. ती वाचली, पण रुग्णालयात तिच्या शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भेटायला आलेले दोघे जण दगावले. त्या प्रकरणानंतर ब्रिटिश सरकारने धोकादायक रोगजंतूंसाठी एक सल्लागार गट नेमला. या गटाने बर्मिंगहॅमची प्रयोगशाळा दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा काम चालू ठेवायला हरकत नाही असा शेरा दिला. मे १९७८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे तपासनीस आले. जागा निकषांत बसत नाही, हे त्यांनी सांगितलं. पण कामाच्या पद्धतीत थोडे बदल सुचवून ते गेले. प्रयोगशाळा वर्षाअखेरीस बंदच होणार होती. काम दर वर्षी कमी होत आलं आहे, असं बेडसन यांनी संघटनेला कळवलंही होतं.

प्रत्यक्षात काम वाढलं होतं. प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत हातातलं संशोधन पुरं करायची बेडसन यांना घाई होती. हे वाचताना आपण पटकन खलनायक ठरवून मोकळे होतो, म्हणून सांगते, की तो माणूस देवीच्या विषाणूंचा जगभर मान असलेला अभ्यासक होता आणि त्याच्या पुढ्यातला प्रश्नही मोलाचा होता. माकडांसारख्या प्राण्यांतल्या देवीच्या भाऊबंद विषाणूंपासून माणसाची देवी पुन्हा उद्भवू शकेल का? उत्तर ‘हो’ असतं तर निर्मूलनाचा सगळा आनंद फोल ठरला असता. पार्करबाईंच्या फोडातला द्राव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान पक्कं करण्याची वेळ बेडसन यांच्यावरच आली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, घरी विलगीकरणात असताना, त्यांनी आयुष्य संपवलं. पार्करबाई तेव्हा अजून जिवंत होत्या.

चौकशी प्रोफेसर शूटर यांच्या समितीने केली. प्रयोगशाळेतल्या काही जणांना खास प्रशिक्षणच मिळालेलं नव्हतं, असं समितीला आढळलं. पार्करबाईंनी लस घेतली होती ती १९६६मध्ये. तिचा जोर ओसरलेला होता. विषाणू वर गेला कसा? इमारतीतल्या पाइप आणि तारा नेण्याच्या पोकळीतून, हवेबरोबर, वरच्या मजल्यावरच्या ज्या खोलीतून पार्करबाई फोन करत असत तिथे तो पोहोचला असावा, असा समितीचा कयास होता. पुढे विद्यापीठावर खटला झाला. तिथे तज्ज्ञांनी हवेचा हा मार्ग शक्यच नाही असं मांडलं, आणि विद्यापीठ निर्दोष सुटलं. तो विषाणू जिना चढून गेला की पोकळीतून, याचा सर्वांना पटलेला निकाल आजतागायत लागलेला नाही.

आणखी एक गोष्ट या चौकशीच्या वेळी पुन्हा उजेडात आली. १९६६मध्ये याच महाविद्यालयात, छायाचित्रकाराच्या याच जागेवर काम करणाऱ्या एका माणसाला देवी आल्या होत्या. तो सौम्य प्रकार होता, त्यामुळे तो आणि त्याच्यापासून लागण झालेले डझनभर लोक बरे झाले. प्रयोगशाळेशी त्याचा धागा तेव्हा कुणी जोडला नव्हता.

आता थोडं नियमांविषयी. प्रयोगशाळांचे सुरक्षेनुसार चार स्तर मानले जातात. पहिल्या स्तरावर निरोगी माणसाला रोग न करणारे जीव असतात: ब्रेडचं यीस्ट किंवा इ. कोलायचा प्रयोगशाळेत पोसलेला निरुपद्रवी वाण. इथे कोट, हात धुणं आणि खाण्यापिण्याला बंदी एवढं पुरतं. दुसऱ्यावर टायफॉइड, कावीळ अशा रोगांचे जंतू. तुषार उडतील असं प्रत्येक काम तिथे बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे हवा आत ओढून बारीक फिल्टरमधून गाळणाऱ्या काचेच्या कपाटात करायचं असतं. तिसऱ्यावर क्षयासारखे हवेतून पसरणारे रोग. तिथे खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच येते. चौथ्या स्तरावर निपाहसारखे, ज्यांवर हमखास इलाज नाही असे विषाणू. तिथे माणूस स्वतंत्र हवा पुरवलेल्या बंद पोशाखात शिरतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत अशी प्रयोगशाळा आहे. त्याच संस्थेने, ती व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ओळखली जात असताना, १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू शोधला. त्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या माणसांनाही लागण झाल्याच्या नोंदी आहेत. आज शहाणपण वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी अशा आजारपणांतून शिकलेल्या आहेत. आम्ही एम. एस्सी.ला होतो तेव्हा काचेच्या पिपेटच्या तोंडाशी कापसाचा बोळा घालून जंतूंचं द्रावण तोंडाने ओढायचो. त्यात काही गैर आहे असं आम्हाला वाटायचं नाही, आणि आमच्या सरांनाही वाटत नसावं, कारण ते स्वतः तेच करायचे.

स्तर ठरवला की सगळं झालं, अशी आपली समजूत होते. शिकागो विद्यापीठातले एक प्राध्यापक प्लेगच्या दुबळ्या केलेल्या जंतूवर काम करत. शरीरातलं लोह ओढून घेऊ न शकणारा तो वाण माणसाला अपाय करणार नाही, असं धरलेलं होतं. २००९मध्ये ते प्राध्यापक त्याच जंतूने गेले. त्यांच्या शरीरात लोह साठून राहण्याचा एक आनुवंशिक दोष होता आणि त्याचं निदान झालेलं नव्हतं. जंतूला हवं होतं ते त्याला तिथे मिळालं. कागदावरचा स्तर सरासरी माणसासाठी असतो.

बर्मिंगहॅमच्या दोन वर्षं आधी अटलांटिकच्या पलीकडे याच प्रश्नाला वेगळं वळण लागलं होतं. एका जीवाचा जनुक दुसऱ्यात घालण्याचं तंत्र नुकतंच हाती आलं होतं. १९७५मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथे शास्त्रज्ञांनी स्वतःच जमून कुठले प्रयोग किती बंदोबस्तात करावेत याची चर्चा केली. जून १९७६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नियमावली काढली. त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाला केम्ब्रिज शहरातल्या आपल्या जुन्या इमारतीत अशा कामासाठी प्रयोगशाळा बांधायची होती. त्या इमारतीत मुंग्यांचा सुळसुळाट होता, आणि मुंग्यांना कुंपण कसं घालणार असा सवाल होता. शहराचे महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी नगरपालिकेच्या सभागृहात शास्त्रज्ञांना बोलावून जाहीर सुनावणी घेतली आणि त्या प्रयोगांना काही महिन्यांची स्थगिती लावली. वेलुची बोलण्यात भडक होते. शास्त्रज्ञांना ते विज्ञानद्वेष्टे वाटले, आणि त्यांचं भाषण वाचताना मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

पण पुढे जे झालं ते सुंदर आहे. नगरपालिकेने नागरिकांची एक समिती नेमली. त्यात जनुकशास्त्राचा एकही संशोधक नव्हता. एक नर्स असलेली नन होती, तेलाचा व्यापारी होता, एक इमारत-अभियंता होता. ही मंडळी महिनोन्‌महिने बसली. त्यांनी दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना एकमेकांसमोर उभं करून वाद ऐकला. जानेवारी १९७७मध्ये त्यांनी प्रयोगांना परवानगी द्यावी अशी शिफारस केली. सोबत अटी घातल्या, आणि त्यातल्या एका अटीपाशी मी नेहमी थांबते. संस्थेच्या सुरक्षा समितीवर वेगवेगळ्या शाखांचे लोक हवेत, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा प्रतिनिधी हवा, आणि संस्थेशी काहीही संबंध नसलेला निदान एक नागरिक हवा, असं त्यांनी लिहिलं. फेब्रुवारीत शहराने तसा कायदा केला. जैवतंत्रज्ञानाचे उद्योग त्यामुळे केम्ब्रिज सोडून पळाले नाहीत. आज जगात त्यांची जितकी दाटी त्या गावात आहे तितकी क्वचितच कुठे असेल.

आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९च्या डिसेंबरात धोकादायक सूक्ष्मजीव आणि जनुक-बदल केलेले जीव यांच्यासाठी नियम आले. जैवतंत्रज्ञान विभागाच्या सविस्तर मार्गदर्शक सूचना २०१७मध्ये नव्याने निघाल्या. रचना उतरंडीची आहे. संस्थेत एक जैवसुरक्षा समिती, तिच्या वर दिल्लीत जनुकीय फेरफारांचा आढावा घेणारी समिती, त्याच्या वर पर्यावरण मंत्रालयाची समिती. राज्य पातळीवर मुख्य सचिवांच्या आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीही समित्या सांगितल्या आहेत. संस्थेच्या समितीत प्रमुख, काही संशोधक, एक डॉक्टर, बाहेरचा तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला सदस्य असतो. वर्षातून किमान दोन बैठका. वाचायला हे सगळं भक्कम आहे. या यादीत वरच्या मजल्यावरच्या छायाचित्रकाराची बाजू मांडायला कोण आहे, असं विचारलं तर तिचं उत्तर द्यायला मात्र मला जरा विचार करावा लागतो. बाहेरचा तज्ज्ञ हाही तज्ज्ञच. तो संशोधकाची भाषा बोलतो, त्याची घाई समजून घेतो, आणि पुढच्या वर्षी कदाचित स्वतःच्या संस्थेत त्याच संशोधकासमोर प्रस्ताव घेऊन बसणार असतो.

मी ज्या समितीवर होते ती वाईट नव्हती. अध्यक्ष वेळेवर यायचे, इतिवृत्त नीट लिहिलं जायचं. प्रस्ताव वाचताना आम्ही वाण कुठला, कॅबिनेटची तपासणी कधी झाली, कचरा ऑटोक्लेव्ह करून मगच पिवळ्या पिशवीत जातो का, असं रीतसर विचारत होतो. वार्षिक अहवालात एक रकाना असे: वर्षभरात घडलेले अपघात वा लागणी. त्यापुढे दर वर्षी एकच शब्द, निरंक. सरकारी कागदांतला हा माझा नावडता शब्द. पहिल्या वर्षी मी सही केली, दुसऱ्या वर्षीही केली. तिसऱ्या वर्षी मला प्रयोगशाळांबद्दलची एक जुनी आकडेवारी आठवली. १९७६मध्ये रॉबर्ट पाइक यांनी जगभरातून प्रयोगशाळेत झालेल्या ३,९२१ लागणी गोळा करून तपासल्या. त्यांतल्या पाचातल्या एकीपेक्षाही कमी लागणींमागे सांडणं, फुटणं, सुई टोचणं असा माहीत असलेला अपघात होता. बाकीच्यांत काय झालं ते त्या माणसांनाही ठाऊक नव्हतं. नळीचं बूच काढताना, पिपेटचा शेवटचा थेंब फुंकताना जे तुषार उडतात ते दिसत नाहीत. म्हणजे ‘निरंक’ प्रामाणिकपणे लिहिलेलं असूनही चुकीचं असू शकतं.

आणि ते नेहमी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं असंही नाही. २००६मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जंतूंचे तुषार सोडण्याची पेटी साफ करताना एका संशोधिकेला ब्रुसेला जंतूची लागण झाली. गुरांमधून माणसाला होणारा, महिनोन्‌महिने ताप आणणारा हा रोग. कायद्याने ते तातडीने वर कळवायला हवं होतं. विद्यापीठाने कळवलं नाही. एका जागरूक संस्थेने माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली कागद मागितले तेव्हा पुढच्या वर्षी ते बाहेर आलं. त्या जंतूंवरचं काम थांबवण्यात आलं आणि विद्यापीठाला १० लाख डॉलर दंड झाला. तिथे समिती होती, नियम होते, प्रशिक्षण होतं. कळवलं तर काम बंद पडेल, अनुदान जाईल, ही भीतीही होती. बेडसन यांनी कामाचा आकडा कमी सांगितला तो त्याच जातीच्या भीतीपोटी, असं मला वाटतं.

तिसऱ्या वर्षी मी अध्यक्षांची परवानगी घेऊन एक दुपार प्रयोगशाळांतल्या परिचरांबरोबर घालवली. काचसामान धुणारे, ऑटोक्लेव्ह लावणारे, रात्री फरशी पुसणारे हे लोक आमच्या एकाही कागदावर नव्हते. एक बाई तिथे अकरा वर्षं काम करत होत्या. मी विचारलं, की कधी नळी फुटली, काही सांडलं तर काय करता? त्या म्हणाल्या, “ब्लीच टाकते न् पुसते, मॅडम.” कुणाला सांगता? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. “सांगितलं तर काच कुणी फोडली ते आधी विचारतात. मागे एकदा बोटाला लागली होती. पट्टी बांधली. पिशवीवर ते तीन कड्यांचं चित्र असतं ना, ती पिशवी हळू उचलायची एवढं ठाऊक आहे.” त्या नळीत काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मी नंतर विचारलं तेव्हा प्रयोगशाळेतही नक्की कुणाला सांगता आलं नाही.

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागितल्या. एक, परिचरांपैकी एकाला बैठकीला बोलवावं. यावर थोडी कुजबुज झाली. चर्चा इंग्रजीत चालते, त्यांना काय समजणार, असं एक सदस्य म्हणाले. मी म्हटलं, मग ती अर्धा तास मराठीत चालवू. दुसरी मागणी अपघाताच्या रकान्याची. त्यात कुणी केलं हे लिहायचंच नाही. फक्त काय झालं, कुठे, आणि नंतर काय केलं. अध्यक्षांनी दोन्ही मान्य केल्या, पहिली जरा नाइलाजाने. त्या अकरा वर्षंवाल्या बाई बैठकीला आल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्या वेळी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या कॅबिनेटची हवा जिथून बाहेर पडते त्या गच्चीवर कँटीनची पोरं कपडे वाळत घालतात, ते चालतं का? आम्ही सगळे वर जाऊन बघून आलो. तपासणीचा दाखला त्या कॅबिनेटचा होता, गच्चीचा कधीच कुणी मागितला नव्हता. फिल्टर ठीक होता. दोरी दुसरीकडे बांधली.

त्या वर्षीच्या अहवालात अपघाताच्या रकान्यात सात नोंदी होत्या. अहवाल वाचून विद्यापीठाच्या कार्यालयातून अध्यक्षांना फोन आला, की यंदा एवढे अपघात कसे काय वाढले?